खाली कोरलेला सरदार

वेंडलची दृष्टी गेली तशी त्याची जीभ तिखट झाली. तेही त्याच्या बायकोने, आर्लिसने सोसलं. पण आपलं सगळ्यात लाडकं नाणं विकायला त्याने आज मर्ल साथरला घरी बोलावलं, ते मात्र तिला सोसवेना. हे गेलं की हा माणूस खुर्चीतून उठायचा नाही, हे ती ओळखून होती.

पाच डॉलरचं सोन्याचं नाणं, १९११ सालचं. एरवी नाण्यावर चित्र वर उठून येतं. यावर पिसांचा मुकुट घातलेला आदिवासी सरदार सोन्यात खाली कोरलेला. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली होती, खाचांत मळ साठेल म्हणून. वेंडल नेमका त्या खाचांवरच भाळला. पण सरदाराला त्याने जन्मात कधी बोट लावलं नाही. नाणं धरायचं ते कडेने, हा नाणेवाल्यांचा धर्मच. वर ते पारखून घेऊन प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद केलेलं.

"घेऊन जा," वेंडल डबी पुढे करत म्हणाला. "माझ्या हाताला नुसतं प्लास्टिक लागतं. आत साबणाची वडी ठेवली तरी मला तेच."

मर्ल नाण्यांच्या क्लबचा अध्यक्ष. चेहरा पाडून बसला होता खरा, पण डोळ्यांतली हाव काही लपत नव्हती.

आर्लिसने मधेच डबी उचलली, स्वयंपाकघरात नेली आणि पकडीत धरून कचकन फोडली.

"अगं बाई, वेड लागलं का तुला?" मर्ल धावत आला. "बोटांचा डाग पडला तर किंमत काय राहील त्याची?"

"तुझ्या बापाचं काय जातं?"

बाहेर येऊन तिने नाणं वेंडलच्या हातावर ठेवलं. सवयीने त्याने ते कडेने धरलं. "नको, आर्लिस. पाप आहे हे."

"लग्नाच्या दिवशीही असाच थरथरत होतास," ती म्हणाली आणि त्याचा अंगठा सरळ सरदाराच्या तोंडावर टेकवला.

अंगठा थांबला. मग इंचभर जागेत हळूहळू फिरू लागला.

"नाक," वेंडल पुटपुटला. "आर्लिस, हे नाक आहे त्याचं!"

आर्लिसला रडू आलं, आणि तिने ते आवरलं नाही.

नवख्या सभासदांना जन्मभर 'बोट लावू नका' म्हणून दटावणारा मर्ल खुर्ची ओढून जवळ बसला. "पिसं लागतात का रे?"

"गप्प बस जरा," वेंडल खेकसला. "मोजतोय."