सिनेमातलं मढं

“मागं घे,” तुलसाबाईनं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा हर्षितानं लॅपटॉपवर पुन्हा तेच दृश्य लावलं.

नागपूरच्या कॉलेजातून दिवाळीला घरी आलेल्या नातीला या जुन्या परदेशी सिनेमावर काही लिहून न्यायचं होतं. जेवणानंतर तुलसाबाई सहज शेजारी येऊन बसली आणि अर्ध्या तासात तिनं पडद्यावरच्या माणसांना सोलून काढलं. गाणं नाही, रंग नाही, सगळे आपले भिंतीकडे तोंड करून बोलणार. कुठल्याशा बेटावरचा पाद्री. त्याचा बाप मेलेला, टेबलावर निजवलेला. लोक टोप्या काढून उभे आणि पाद्री पोथी उघडून मुकाट. वर कोणी आहे यावरचा त्याचा विश्वासच उडालाय, असं हर्षितानं समजावलं. मग थोबाड बंद ठेवतो हेच बरं करतो, असं म्हणून तुलसाबाईनं त्याला निकालात काढलं.

पण नंतर पडद्यावर मेलेल्या म्हाताऱ्याचा नुसता चेहरा आला आणि किती तरी वेळ हललाच नाही. तो चेहरा ती चौथ्यांदा पाहत होती.

“पाह्य. नरडी हालली त्याची.”

“अवो आजी, नट हाये तो. जित्ता मानूस दम किती धरनार?”

हर्षिता हसली. तुलसाबाई उठली, पदर डोक्यावर घेतला आणि भर उन्हात घराबाहेर पडली.

छत्तीस वर्षांपूर्वी याच घराच्या ओसरीवर तिचा धनेंद्र असा निजवला होता. सहा वर्षांचा, तापानं गेलेला. शेजारची गीताबाई एकदम म्हणाली होती, थांबा, नरडी हालली. तुलसाबाईनं पोराकडे पाहिलंच नाही. अंगणात अख्खं गाव जमलेलं; आणखी घटकाभर थांबलं तर आपण सगळ्यांसमोर कोसळू, एवढंच तिला कळत होतं. पाटलीण होती ती. “उचला,” म्हणाली. नवऱ्यानं आणि दिरानं पोराला बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली पुरलं. गीताबाईला तिनं त्याच अंगणात खोटारडी ठरवलं आणि तेव्हापासून दोघींत शब्द नव्हता.

देवापुढचा दिवा तिनं एक दिवस चुकवला नाही; मागितलं मात्र कधी काही नाही. देव आहे की नाही, हा तिचा प्रश्नच नव्हता. माती लोटली तेव्हा पोर गेलेलं होतं ना, एवढंच तिला कोणाला विचारता आलं नव्हतं.

गीताबाई आपल्या दारात चटईवर सुपात लाखोरीची डाळ निवडत बसली होती. तिला पाहून उठायला लागली.

“बस,” तुलसाबाई म्हणाली. “खरा सांग. माह्या पोराची नरडी हालली होती का?”

कोणतं पोर, कधी, असं गीताबाईनं विचारलं नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

“मी रडून राहिली होती, पाटलीनबाई. डोऱ्यात पानी होता. पान्यातून पाह्यला तं सप्पा काही हालते.”

ती खरं बोलली की तिनं दया केली, ते तिच्या तोंडावरून कळेना. दुसरं कोणी असतं तर तुलसाबाईनं खोदून विचारलं असतं. गीताबाईनं सरकून चटईवर जागा केली. तुलसाबाई गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली. सूप तिनं आपल्याकडे ओढलं आणि मान खाली घालून खडे वेचू लागली.

थोड्या वेळानं सुपातले दाणे हलायला लागले.