पोशेऱ्याची दुतोंडी मोटार

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी लढाऊ मोटार आहे आणि मी लढाई जिंकली. एकही गोळी न झाडता, एका सकाळी, देवीच्या बोळात. पण ते राहू द्या. तसं काही झालंच नाही असं धरून चाला. मी अजून पांगाऱ्याचं झाड आहे, अंगावर लाल फुलं आहेत, आणि देवजी बसऱ्याहून परत यायचा आहे.

देवजी आमच्या पाड्याचा. जव्हार संस्थानात, पोशेऱ्याच्या अंगाला, अठरा घरांचा हा पाडा. साहेबाची मोठी लढाई लागली तेव्हा खेचरं हाकायला म्हणून देवजी दर्यापार, अरबांच्या मुलखात, बसऱ्याला गेला. दोन वर्षांनी परत आला तो एक पितळी बटण, एक खाकी टोपी आणि एक गोष्ट घेऊन. बटण लोकांनी चावून पाहिलं. टोपी घालून पाहिली. गोष्ट मात्र कुणाच्या गळी उतरेना.

गोष्ट अशी, की तिकडे बैलाशिवाय चालणारी लोखंडी गाडी असते. वर गोल फिरणारा बुरूज, बुरजात बंदूक. इथवर लोकांनी मान डोलावली. मोटार नावाचं काहीतरी असतं हे जव्हारच्या बाजारात कानावर आलं होतं. मग देवजी म्हणाला, "आणि तिला दोन तोंडं. पुढं एक हाकणारा, मागं एक हाकणारा."

"दोन तोंडाचं मांडूळ असतं रं," नवशा पाटील म्हणाला. "गाडी नाय."

"आणि दोघं दोन बाजूंना निघालं तर?" रघुनं विचारलं. "मधी तुटती का ताणती?"

रघु देवजीचा चुलतभाऊ. हसायला त्यानंच आधी सुरुवात केली आणि त्याला कारण होतं. होळीनंतर आमच्याकडे बोहाडा होतो. मुखवटे चढवून देवांची, दैत्यांची सोंगं संबळाच्या तालावर नाचत देवीसमोर जातात. एकेक सोंग एकेका घराचं. देवजीच्या घरचा भीम. आजा नाचला, बाप नाचला, आता पाळी देवजीची. पण खोटं बोलणाऱ्यानं देवीपुढं घरचा मुखवटा चढवायचा नाही, ही पाड्याची रीत.

पाटलानं निकाल दिला, "थाप मारली म्हून कबूल कर आणि भीम नाच. नायतर भीम रघुच्या घरात गेला तो गेला."

देवजीची बायको सोमी व्यवहारी होती. "कबूल करा ना. एक तोंड कमी केलं तर गाडी काय मरतीय?"

"चार दुपारी मी तिच्या सावलीला बसलोय, सोमे. दोन्ही तोंडं या डोळ्यांनी बघितली. त्यातलं कोणतं कमी करू?"

"मग लाकडात घडवून दाखवा," म्हणत सोमीनं कुऱ्हाड काढून दिली, आणि मित्रांनो, माझं झाडपण तिथं संपलं.

मला घडवलं माघ्याबाबानं. मुखवटे कोरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हात धरायला बोटंही पुरेशी नव्हती. अस्वलाच्या कृपेनं डावीकडं तीनच उरली होती. माप त्यावरूनच ठरलं. खऱ्या गाडीचा एक हात म्हणजे माझी तीन बोटं. सावलीत बसून देवजीनं गाडी हातानं मोजलेली होती: लांबी अकरा हात, रुंदी चार, उंची पाच. म्हणून मी तेहतीस बोटं लांब, बारा रुंद, पंधरा उंच. पत्रा रॉकेलच्या डब्याचा, बुरूज सुक्या भोपळ्याचा, बंदूक बांबूची. चाकं फिरायची. दोन्ही टोकांना हाकणाऱ्यासाठी फट होती.

एकच घोटाळा झाला. माघ्याबाबाला मुखवट्याखेरीज काही घडवताच येत नसे. त्यानं सवयीनं मला खालून पोकळ केलं, डोकं शिरेल एवढं.

"बाबा, ही गाडी हाय. डोक्यात घालायची नाय."

"मग घालायची कुठं?" माघ्याबाबानं शांतपणे विचारलं आणि दोन्ही तोंडांना मोठे पांढरे डोळे काढले.

"गाडीला डोळं नसतात!"

"मग बैलाबिगर जाती कशी? बघितल्याशिवाय?"

देवजीनं डोळे राहू दिले. वाद घालायला त्याला ती गाडी सुरू कशी होते हे ठाऊक असायला हवं होतं. ते त्याला ठाऊक नव्हतं.

तो मला घेऊन पाटलाकडे गेला. पाटलानं चाकं फिरवली, बुरूज फिरवला, बंदुकीत फुंकून पाहिलं.

"आधी थाप तोंडाची होती," रघु म्हणाला. "आता लाकडाची झाली."

"कोरायला काय, उडता रेडाबी कोरता येतो," पाटील म्हणाला. "मना एवढंच सांग, दोन तोंडं कशापाय?"

"बोळ अरुंद असला, समोरून गोळ्या आल्या, तर गाडी वळवायला जागा नसती. मग मागचा हाकतो."

"मग बोळात शिरायचंच कशाला?"

सगळे हसले. शेवटी पाटलाला थोडी दया आली. "हे डोक्यावर घे आणि समद्यांच्या मागनं ये. देवीला हसू आलं तर तुझं नशीब."

बोहाड्याची शेवटची फेरी दिवस उगवताना निघते. देवीच्या देवळाकडे जायला कारवीच्या काठ्या विणून केलेल्या दोन कुडांमधून एकच चिंचोळा बोळ, उताराचा आणि दगडगोट्यांचा. जाताना ठीक. पण देवीला पाठ दाखवायची नाही. नमस्कार करून सोंगांनी उलट्या पावलांनीच उतरायचं. डोक्यावर जड मुखवटा आणि मागचं दिसत नाही. दरवर्षी एखादा देव आपटायचा. त्या वर्षी पाळी भीमाची होती.

रघु देवीपुढं झोकात नाचला, उलटा निघाला, चौथ्या पावलाला धोंड्यावर टाच पडली आणि बोळाच्या मधोमध बसकण मारून बसला. वर भीम हसतच होता. मुखवट्याला दुसरं काही येत नव्हतं.

मग मी देवीसमोर आले. देवजीनं नमस्कार केला. आता उलटं निघायचं. आणि तेवढ्यात, मित्रांनो, माझ्याखाली देवजी गर्रकन फिरला. मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि फक्त स्वतः वळला. मी तसूभर हलले नाही. माझं एक तोंड देवीकडे डोळे वटारून पाहत राहिलं, आणि दुसऱ्या तोंडाच्या फटीतून देवजीला समोर सगळा बोळ लख्ख दिसू लागला. तो सरळ पावलांनी, संबळाच्या ठेक्यावर नाचत उतरला. वाटेत वाकला, एका हातानं भीमाला उचलून उभा केला आणि पुढं घालून खाली आणला.

संबळ थांबला. पाटील माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आला. पाठ शोधत होता. ती नव्हती.

"म्हंजी," तो हळूच म्हणाला, "तिकडंबी पाठ दावायची नसती?"

"दावली का गोळी बसती, पाटील."

"मग आदुगर तसं सांगायचं ना! हाय, अशी गाडी हाय! असायलाच पायजे!"

रघुनं भीम सोडला आणि देवजीच्या हातात दिला. "घे. माझं बूड सांगतंय, तू खरा हायेस."

भोपळ्याचा बुरूज गरगर फिरवून पोरांनी जवळजवळ उपटला. संबळ पुन्हा कडाडला. त्या दिवशी देवजी दोन वेळा नाचला. एकदा भीम होऊन आणि एकदा माझ्यासकट. त्यानंतर तीस वर्षं बोहाड्याची शेवटची फेरी माझी होती.

आता मी चुलीवरच्या आढ्याला टांगलेली असते. धूर लागतो म्हणून वाळवी येत नाही; कोंबडी मात्र येते आणि बुरजात अंडी घालते. तक्रार नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला फार लागत नाही. वर्षातून एकदा चुना-काजळीनं डोळे उजळा, चाकाला तेलाचा थेंब द्या, आणि ती एखादी अचाट गोष्ट सांगत असेल तर हसण्याआधी तिला एकदा बोळातून नेऊन पाहा.

बाकी माझं एकच मागणं आहे. मेहेरबान लष्कर खात्याच्या सेवेशी, पोशेऱ्यालगतच्या पाड्यावरील लाकडी मोटारीचा सविनय अर्ज ऐसा जे: बसरा येथे कामावर असलेली माझी थोरली बहीण, लांबी अकरा हात, हिला येत्या बोहाड्यासाठी आठ दिवसांची रजा मंजूर व्हावी. पाड्यापर्यंत रस्ता नाही, हे खरे आहे. परंतु परतताना गाडी वळवण्याची अडचण येणार नाही, याची हमी देते. कळावे.