पाच काळ्या बाटल्या आणि मी

मी एक जुने कपाट आहे, मित्रांनो. माझी चौकट सागवानाची आहे, दारे काचेची आहेत आणि पोटात चार फळ्या आहेत. एका शाळेतल्या विज्ञानाच्या खोलीत, खिडकीशेजारच्या भिंतीला पाठ लावून मी उभे आहे. माझा मागचा एक पाय आखूड आहे. त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली नाही, तर मी म्हाताऱ्या माणसासारखे डुगडुगते.

एका सुताराने मला डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी घडवले. औषधांच्या बाटल्या सांभाळण्यात माझी पहिली वीस वर्षे गेली. दवाखाना बंद झाला तेव्हा डॉक्टरांच्या मुलीने मला शाळेला देऊन टाकले. त्या वेळचे विज्ञानाचे सर मला रोज स्वतःच्या हाताने पुसत. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्यापुढे आणून उभे करत आणि म्हणत, "असं कपाट शोधून सापडणार नाही!" मग सर निवृत्त झाले, लोखंडी कपाटे आली आणि मी अडगळीत जमा झाले. तुटके खडू, फुटक्या परीक्षानळ्या आणि एक मुंडके नसलेला उंदराचा सांगाडा, एवढाच माझा संसार उरला. माझ्या धुळीवर मुले बोटाने 'गाढव' असे लिहीत आणि बाण काढून एकमेकांची नावे जोडत.

यंदा नव्या बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पदर खोचला, मला आतून-बाहेरून धुतले आणि माझ्या वरच्या फळीवर एक बल्ब बसवला. कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात ऊब आली.

त्या बल्बचे कारण असे. सातवीच्या मुलांना बाईंनी एक काम दिले होते. शाळेच्या आसपासच्या घरांतले पिण्याचे पाणी लहान बाटल्यांत आणायचे. बाटलीत एक पूड आधीच घातलेली होती. बाटल्या दोन दिवस उबेत ठेवायच्या. पाणी चांगले असेल तर पिवळसर राहील. त्यात गटाराची घाण मिसळली असेल तर काळे पडेल. शनिवारी शाळेत पालकांचा आणि वस्तीतल्या लोकांचा मेळावा होता, तिथे हे सगळे मांडायचे होते. बुधवारी दुपारी बावीस बाटल्या माझ्या फळ्यांवर ओळीने उभ्या राहिल्या. एकीत बाईंनी तुलनेसाठी मुद्दाम उकळलेले पाणी भरले होते.

नोंदी ठेवायचे काम एका मुलीकडे होते. सगळा वर्ग तिला 'मोजणी' म्हणायचा, कारण तिला काहीही मोजल्याशिवाय चैन पडत नसे. जिन्याच्या पायऱ्या तर सोडाच, बाई एका तासात किती वेळा 'बरं का' म्हणतात तेही तिला पाठ होते. तिचे बाबा पाणीखात्यात होते. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा आणि किती वाजता बंद करायचा, हे त्यांचे काम.

गुरुवारी सगळ्या बाटल्या पिवळ्या होत्या. शुक्रवारी सकाळी मात्र माझ्या तिसऱ्या फळीवर काहीतरी बिघडू लागले. आधी अकरा नंबरच्या बाटलीच्या तळाशी धूर साचावा तसे झाले. मग नववी, दहावी, बारावी आणि चौदावी. दुपारपर्यंत पाचही बाटल्या काजळीसारख्या काळ्या झाल्या. मोजणीने वहीत बघितले आणि तिचा चेहरा उतरला.

"बाई, या पाचही मागच्या गल्लीतल्या आहेत. चौदा नंबर बालवाडीची आहे."

बाईंनी मुख्याध्यापकांना बोलावून आणले. ते बराच वेळ माझ्यापुढे वाकून उभे राहिले. त्यांच्या श्वासाने माझी काच धुरकट झाली.

"उद्या दीडशे माणसं येणार आहेत बाई. हे बघून घबराट उडेल. पोरांचा प्रयोग आहे, चुकलाही असेल."

"उकळलेल्या पाण्याची बाटली तशीच पिवळी आहे सर. प्रयोग चुकलेला नाही."

"मग आधी मोठ्या प्रयोगशाळेतून तपासून घेऊ. सोमवारी मी स्वतः पत्र लिहितो. तोवर हे झाका."

"आणि सोमवारपर्यंत त्यांनी काय प्यायचं?"

मुख्याध्यापकांनी तक्ते मागवले. तासाभरात माझ्या दोन्ही काचांवर मोठे तक्ते चिकटवले गेले. त्यांच्यावर ठळक अक्षरांत 'पाणी हेच जीवन' लिहिले होते. मित्रांनो, मी काचेचे कपाट आहे. आतले बाहेर दिसावे म्हणूनच मला काच लावली होती. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

शाळा सुटल्यावर मोजणी परत आली. तिच्याबरोबर तिचे बाबा होते. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी किल्ली होती. तिने एका तक्त्याचा कोपरा सोडवला. बाबांनी आत पाहिले. त्यांच्या हाताची पकड त्या किल्लीवर आवळली. एक घाव पुरला असता. काच, बाटल्या, सगळे एका दमात संपले असते आणि कोणाला काही कळलेही नसते.

"सगळ्या माझ्याच व्हॉल्व्हवरच्या," ते पुटपुटले. "वहीत काय लिहिलंस?"

"जे दिसलं ते."

"माझं नाव?"

"नाही बाबा. नंबर लिहिलेत."

ते बाकावर मटकन बसले. "त्या गल्लीत पाण्याचा पाइप गटारातून जातो. कुठेतरी तडा गेलाय, मला वास यायचा. साहेबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, बघू. लेखी द्यायला माझा हात उचलला नाही. वाटलं, उगाच नोकरीवर गदा यायची."

"आता नाही येणार का?"

"येईल की." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तक्ता नीट चिकटव. चल."

ते काय करणार, हे मला कळले नाही. ती रात्र मी कशी काढली ते माझे मला ठाऊक.

शनिवारी दहा वाजता खोली भरली. लोक येत होते, पण तक्ते बघायला कोणी थांबत नव्हते. मागच्या गल्लीतल्या बायका रिकाम्या कळशा घेऊनच आल्या होत्या. सकाळी सहाला यायचे पाणी आलेच नव्हते. सगळ्यांत पुढे एक शिवणकाम करणाऱ्या वहिनी होत्या. गळ्यातली मापाची फीत काढायचेही त्यांना भान नव्हते.

"कुठे आहे तो पाणीवाला? त्याची पोरगी इथंच शिकते ना? घरात तापलेलं लेकरू आहे आणि प्यायला थेंब नाही!"

मागून रेटारेटी सुरू झाली. कोणाचे तरी कोपर माझ्यावर आदळले, पुठ्ठा निसटला आणि मी डुगडुगले. एक काच उभी तडकली. आत बाटल्या एकमेकींवर आपटल्या. मोजणी दोन्ही हात पसरून मला पाठ लावून उभी राहिली.

"तिला काही बोलू नका." दारातून तिचे बाबा आत आले. "पाणी मी सोडलं नाही. कोणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या मनाने. तुमच्या नळाला गटाराचं पाणी येतंय."

"कशावरून?" कोणीतरी ओरडले.

बाबांनी मुख्याध्यापकांकडे पाहिले. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते पुढे आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही तक्ते टराटरा फाडून काढले.

"यावरून," ते म्हणाले. "काल हे मीच झाकायला लावलं होतं. चूक माझी आहे."

पाच काळ्या बाटल्या सगळ्यांसमोर उघड्या पडल्या. वहिनी हळूहळू पुढे आल्या. "अकरा नंबर कोणाचा?"

मोजणीने वही उघडली. एका ओळीवर बोट ठेवले. "तुमच्या घरचा, काकू."

वहिनींच्या हातातली कळशी खाली पडली. "चार दिवस लेकराचे जुलाब थांबत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "मी त्याला साखर-मीठ घालून पाणी पाजत होते. हेच पाणी."

बाईंनी मुलाला ताबडतोब इस्पितळात न्यायला सांगितले आणि स्वतः वहिनींबरोबर गेल्या. मुख्याध्यापकांनी तिथूनच पाणीखात्याला फोन लावला. दुपारपर्यंत गल्लीत टँकर आला.

पुढचे सगळे मी या खोलीतल्या बोलण्यातून ऐकले. मोठ्या प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला. गल्ली खणली, तेव्हा गटारातला पाइप वीतभर चिरलेला निघाला. वहिनींचा मुलगा तीन दिवस सलाइनवर होता, पण वाचला. बाबांना मात्र परवानगीवाचून पाणी बंद ठेवल्याबद्दल नोटीस मिळाली आणि त्यांची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या टाकीवर झाली. आता त्यांना उजाडायच्या आत सायकल काढावी लागते.

मोजणी पंधरा दिवस माझ्याकडे फिरकली नाही. वर्गात आली की दूरच्या बाकावर बसायची. आपल्या वहीमुळेच बाबांना लांब जावे लागले, असे तिला वाटत असावे. मला बोलता आले असते तर मी तिला हाक मारली असती.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखे एखादे कपाट असेल. त्याला अधूनमधून पुसा, त्याचा पाय लंगडत असेल तर टेकू द्या. पण त्याहून मोठी विनंती ही, की त्याच्या आत जे दिसेल ते नकोसे असले, तरी त्यावर कागद चिकटवू नका.

काल शाळा सुटायच्या वेळी बाबा आले. सायकलच्या पिशवीतून त्यांनी एक बाटली काढून मोजणीच्या हातात दिली. "नव्या टाकीचं पाणी आहे," ते म्हणाले. "ठेव. काळं पडलं तर या वेळी पहिल्या दिवशीच लेखी देतो."

तिने बाटलीवर नंबर घातला, वहीत तारीख लिहिली आणि माझे दार उघडले.