माझ्या झाकणावरची घंटी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. बिस्किटांचा. नवा होतो तेव्हा अंगभर निळी फुलं होती. आता निम्मी घासून गेलीत आणि एका कडेला पोचाही आलाय. तरी झाकण अजून घट्ट बसतं, याचा मला अभिमान आहे.

मित्रांनो, या घरातली मुलगी अंगाने जाड. सगळे तिला लाडाने ‘ढब्बू’ म्हणत. तिला ते आवडतं, असं त्यांना वाटे. खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण ती हाक ऐकली की थोड्या वेळाने ती माझ्याकडे येई. भुकेला माणूस बसून, चवीने खातो. ही उभ्याउभ्या, दाराकडे बघत खाई.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा बाबांना युक्ती सुचली. घरातलं म्हातारं मांजर वारलं होतं. त्याच्या पट्ट्यातली घंटी त्यांनी तारेने माझ्या झाकणाला बांधली.

“आता कळेल चोर कोण ते!”

सगळे हसले. तीही हसली. मग ती घंटी मुठीत आवळून झाकण उघडायला शिकली. आधी दोन बिस्किटं घेई, आता ओंजळभर. वजन काही घटेना. मी पत्र्याचा खरा, पण मला फार वाईट वाटे.

एकदा आत्या राहायला आली. चहाबरोबर काहीतरी हवं म्हणून तिने मला उघडलं. घंटी वाजली.

“ढब्बू, ठेव ते!” पेपरातून मान वर न काढता बाबा ओरडले.

“मी आहे, दादा.”

बाबा ओशाळले. “अगं, तिच्या भल्यासाठीच बांधलीय.”

“असेल. पण वाजल्यावर तिला काय झालंय, हे कुणी विचारलं का रे?”

बाबा उठले. पण स्वतःच पिळलेली तार त्यांना सुटेना. उद्या कापू म्हणाले आणि राहून गेलं.

पुढे एक दिवस ती शाळेतून आली, चेहरा पार उतरलेला. दप्तर टाकून थेट माझ्याकडे. या वेळी तिने मूठ आवळली नाही. घंटी चांगली खणखणीत वाजू दिली.

बाबा आले. ओरडले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले.

“काय झालं, बाळा?”

ती खूप रडली, मग बोलत राहिली. मधे एक बिस्कीट खाल्लं, बसून. झाकण तिनेच लावलं.

मित्रांनो, तिचं वजन हळूहळू उतरतंय, मधेच थोडं चढतंही. तुमच्या घरात असं झाकण वाजलं, तर लांबून ओरडू नका. जवळ येऊन बसा.

बाबांनी परवा पक्कड आणली होती. तिने घंटी कापू दिली नाही.