वशिंडाचा बिबट्या

मी शिसपेन्सिल बोलतेय. म्हणजे तिचा उरलेला तुकडा म्हणा. चिमटीत धड धरताही येणार नाही एवढीच उरले आहे मी. सौंसरच्या एका दुकानात बरणीत उभी होते. चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात गुणवंताने मला तिथून उचललं. हा गुणवंता जंगलखात्यात नाकेदार. नोकरी सौंसरला, मूळ गाव सावरगाव. मला वाटलं, आता जन्मभर सरकारी रजिस्टरं भरायची. पण त्याने मला नेऊन दिलं बायकोच्या हातात.

वत्सलाला रानातल्या जनावरांची भारी हौस, पण रानात तिला कोण नेणार? मग गुणवंता जेवताना आज काय दिसलं ते सांगायचा आणि भांडी आवरली की ती ते कागदावर काढायची. सांबर, रानडुक्कर, बिबट्या. शिकवायला कुणी नव्हतं. तिने जवळून पाहिलेलं मोठं जनावर म्हणजे पोळ्याचा बैल, त्यामुळे तिच्या प्रत्येक जनावराच्या खांद्यावर आपोआप वशिंड यायचं. बिबट्याच्यासुद्धा!

"अवं, हा बिबट्या होय का बैल? पोळ्यात नेऊन राहिली का याले?" गुणवंता पोट धरधरून हसायचा.

"तुमीच नीट सांगा ना मंग," ती फुरंगटायची.

तिची दुसरी खोड मला जाचायची. ती मला फार दाबायची. रेघ कागदाच्या पाठीमागे उमटायची आणि माझं शिसं कटकन मोडायचं.

"हलक्या हातानं," गुणवंता म्हणायचा. "बिबट्या चालते तं पाय वाजते का त्याचा? तशी ओढ रेघ."

मी झिजत गेले, पण तिचा हात सुटला.

पोळ्याला दोघं सावरगावला गेली. दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि एका काठावरून सावरगाव, दुसऱ्या काठावरून पांढुर्णा एकमेकांवर गोटे मारतात. वत्सलाचं माहेर पांढुर्ण्याचं. नवरा या काठावर, भाऊ मुकुंद त्या काठावर.

"यंदा नका जाऊ," ती म्हणाली.

"झेंड्याले हात जोडून येतो फक्त. तवर बिबट्या होऊ दे. वशिंड दिसलं तं पाह्य!"

त्या दुपारी ओसरीवर बसून तिने बिबट्या काढला. पाठ सरळ, मान खाली, शेपूट जमिनीलगत. वशिंडाचा मागमूस नाही. मला तर आनंद मावेना. कागद घेऊन ती दारात उभी राहिली, आणि त्याच दारातून चौघांनी गुणवंताला उचलून आणलं.

गोटा भुवयांच्या मधोमध बसला होता. नागपूरच्या दवाखान्यात पट्टी सुटली तेव्हा दोन्ही डोळ्यांत अंधार होता.

मुकुंद भेटायला आला तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "ताई, गोटा कोनाचा व्हता, मले खरंच ठावं नाई."

वत्सलाने त्याला पाणी दिलं. मी लाकडाचा तुकडा, मला माणसांचे खेळ काय कळणार? पण मला राग आला होता. अजून आहे.

पुढे मी कितीतरी दिवस कोनाड्यात पडून होते. एकदा गुणवंतानेच विचारलं, "त्या दिवशी बिबट्या झाला व्हता का वं?"

वत्सलाने तो कागद काढला, घोंगडीवर पसरला आणि मला मुठीत धरून त्याच रेघा गिरवू लागली. पहिल्यासारख्याच, जीव खाऊन, दाबून. मी मोडले. तिने तासलं, पुन्हा गिरवलं. मग कागद पालथा करून त्याचं बोट उमटलेल्या रेघेवर ठेवलं.

बोट शेपटीवरून निघालं, पाठीवरून सावकाश खांद्याशी आलं आणि थांबलं. मागे गेलं. पुन्हा आलं.

"वशिंड नाई."

"नाई. या टायमाले नीट काढला."

त्याचा चेहरा उतरला. "मंग हा आपला नोहे. आपल्या बिबट्याले वशिंड असते."

वत्सलाने कागद सरळ केला आणि खांद्यावर वशिंड काढलं. एवढं दाबून, की माझं उरलंसुरलं शिसं त्यातच संपलं. कागद उलटून तिने पुन्हा त्याचं बोट धरलं.

"अवं, पोळ्यात नेऊन राहिली का याले?" तो हसला. हसता हसता दोघंही रडू लागली.

आता माझ्याने एक रेघही ओढवणार नाही. मला खुशाल केरात टाका, माझी तक्रार नाही. तो कागद मात्र कुणी टाकू नका. रोज संध्याकाळी एक बोट त्याच्यावरून फिरतं, आणि वशिंडापाशी जरा वेळ थांबतं.