चौथी घटनादुरुस्ती

माझे सासरे, अप्पा, उभी हयात न्यू जर्सीत काढून आता आमच्याकडे लंडनमध्ये, पिनरला राहतात. सासूबाई गेल्या आणि परीक्षित, म्हणजे माझा नवरा, त्यांना विमानात घालून घेऊन आला. सोबत दोन बॅगा आणि अमेरिकेची राज्यघटना. छोटी पुस्तिका आहे, शर्टाच्या खिशात असते, पेनाशेजारी.

बातम्या लागल्या की अप्पा सुरू. हाय स्ट्रीटवर इतके कॅमेरे कशाला, कौन्सिलला आमच्या कचऱ्यात नाक खुपसायचा अधिकार कुणी दिला, या देशाला एका पुस्तकात लिहिलेली घटनाच नाही, म्हणजे हे लोक मनाला येईल ते करणार. मग गाडी चौथ्या घटनादुरुस्तीवर. "वॉरंटशिवाय सरकार माणसाच्या घरात पाऊल टाकू शकत नाही, मंजिरी. सरकारनं उंबऱ्याबाहेर थांबायचं." मला ते पटायचं, हीच तर चीड आहे. कारण हा माणूस माझ्या खोलीत कधी दार वाजवून आला नाही.

वरच्या छोट्या खोलीत मी काम करते. घरात मार खाणाऱ्या बायका एका संस्थेच्या हेल्पलाइनला फोन करतात, ते मी घेते. इथं माझ्याशिवाय कुणी ऐकत नाहीये, असा शब्द देते त्यांना. अप्पांना शंभरदा सांगून झालं. "हो गं, कळलं," म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आत. माझा चष्मा पाहिलास का.

एक बाई कित्येक आठवडे नुसता फोन लावून गप्प बसायची. त्या मंगळवारी ती पहिल्यांदा बोलायला लागली आणि दार उघडलं. "चहाचं आधण ठेवू का गं?" पुरुषाचा आवाज कानावर पडला आणि तिनं फोन ठेवून दिला. परत केला नाही. मॅनेजरनं स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर तुला लाइनवर ठेवता येणार नाही. ती बाई जिवंत आहे का, हेही मला माहीत नाही.

मी त्याच संध्याकाळी आतून कडी बसवली. अप्पांनी ती पाहिली आणि जेवायला आलेच नाहीत. "मुलाच्या घरात मला दार बंद?" परीक्षितला म्हणाले.

"अप्पा, चौथी घटनादुरुस्ती," मी म्हटलं.

"ती सरकारसाठी आहे. घरच्यांना कसलं वॉरंट?"

इतक्या शांतपणे म्हणाले की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी बघते तर कडी गायब, स्क्रूची भोकं तेवढी शिल्लक. परीक्षितनं काढली होती. "वय झालंय त्यांचं, जाऊ दे ना यार," म्हणाला आणि ट्रेन पकडायला पळाला.

नाही जाऊ दिलं. अप्पा फिरायला बाहेर पडले तसा मी स्क्रूड्रायव्हर घेतला, त्यांच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि ओढत मागच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. घाम फुटला, नख तुटलं, फार बरं वाटलं.

अप्पा परत आले, रिकाम्या चौकटीत थबकले. "दार कुठाय?"

"घरच्यांपासून कसलं दार?" मी म्हटलं.

ते पलंगावर बसले. पावसात पँट भिजली होती. पट्ट्याला हात घातला आणि थांबले. "जरा बाजूला हो. कपडे बदलायचेत."

मी हलले नाही. त्यांनी मांडीवर पांघरूण ओढून घेतलं. "मंजिरी, प्लीज," म्हणाले. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

संध्याकाळी परीक्षितनं दोन्ही बसवली, त्यांचं दार आणि माझी कडी. आता अप्पा माझ्या दारावर टकटक करतात आणि मी "या" म्हणेपर्यंत बाहेर उभे राहतात. कधीकधी फोन चालू नसतानाही मी त्यांना तसंच उभं ठेवते.

त्यांच्या दाराला आतून कडी नाही. परवा मागितली त्यांनी, परीक्षितकडे नाही, माझ्याकडे. मी म्हटलं, बघू. रोज त्यांचे इस्त्रीचे कपडे ठेवायला मी सरळ दार ढकलून आत जाते. ते दचकून उठतात, शर्टाची बटणं चाचपतात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.