एक लांब शिट्टी

या रविवारातून महेंद्रला एकच गोष्ट कमवायची होती: 'नाही' म्हणायचा हक्क. न बघता नाही म्हटलं तर घरात महिनाभर भांडी आपटली जातात. बघून येऊन म्हटलं तर त्याला अनुभव म्हणतात. बदल्यात जायचं काय, तर एका रविवारची झोप, डाव्या खांद्याची थोडी कुरकुर आणि दिवसभर कुणाच्या तरी तोंडून 'काका' ऐकून घेणं. सौदा त्याला बरा वाटला.

ठाण्याच्या कोलशेतात त्याला काका म्हणणारं कुणी नव्हतं. तिथे तो कॅप्टन. त्याचं गोविंदा पथक कधीच बंद पडलं, शेतावर टॉवर उभे राहिले, पण नाक्यावरचे रिक्षावाले अजून "काय कॅप्टन" म्हणूनच विचारतात. शेवटच्या वर्षी अख्खा मनोरा कोसळला आणि त्यातला बराचसा याच्या खांद्यावर आला. तेव्हापासून खाली उभं राहून वर बघायचा त्याला कंटाळा आलेला. आणि नेमकी त्याची पोरगी, निशा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, धबधब्यातून दोराने उतरायला लागली.

धबधबेही साधे नाहीत. जिथे गाडी जाते, भजी मिळतात, ते तिला चालत नसत. डोंगरातली एखादी घळ शोधायची, पाण्याबरोबर वरून आत शिरायचं आणि पाणी सुटेल तिथे आपण सुटायचं. याला कॅनियनिंग म्हणतात हे तिने घरी सांगितलं, तेव्हा तिची आई मंजुळा भाजी निवडत म्हणाली, "पाण्याला दुसरी वाट नाय म्हणून ते तिथून जातं. तुला काय झालं?"

हे वेड लावणारा दिपेश डोंबिवलीचा. आठवडाभर वागळे इस्टेटमध्ये मशीनं दुरुस्त करायचा आणि रविवारी माणसं दोराला लावायचा. त्याला एक सेकंड हवा होता. सेकंड म्हणजे वर थांबून दोर सांभाळणारा आणि सगळ्यात शेवटी उतरणारा. आजचा दिवस नीट गेला तर ती जागा निशाची, आणि हिवाळ्यात कोकणकड्याच्या बाजूच्या मोठ्या घळीत तिचा नंबर. वर्षभर ती या जागेच्याच मागे होती. फक्त पप्पांचं 'हो' बाकी होतं.

"एकदा बघतो, मग सांगतो," पप्पा म्हणालेले. उत्तर मात्र त्यांनी घरातूनच बरोबर घेतलं होतं.

ऑक्टोबर होता. पाऊस सरलेला, पाणी उरलेलं. खडवलीचा फाटा मागे टाकून, शहापूरच्या पुढे शेवटच्या पाड्यावर गाडी लावली आणि रांजणाच्या घळीकडे चालायला लागले. दिपेश पुढे, मध्ये आणखी चौघं नवखे, मग निशा, आणि सगळ्यांच्या मागे महेंद्र, ओलं व्हायला खास विकत घेतलेले रबरी कपडे पाठीवर घेऊन. गवत छातीपर्यंत. वाट अशी काही नव्हतीच, दिपेश जिथून जाई तिला वाट म्हणायचं. एवढं चालून जे गाठायचं ते शेवटी पाणीच, आणि पाणी तर घरी नळाला येतं, असं त्याच्या मनात आलं. बोलला नाही. बोलायला दम लागतो.

घळीच्या तोंडाशी दिपेशने शिट्ट्या वाटल्या.

"आत आवाज ऐकू येत नाही. ओरडायचं नाही, शिट्टी मारायची. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे दोर सोड. चार म्हणजे मी दोरातून मोकळा. काका, कळलं?"

"हां."

"म्हणून दाखवा ना."

"अरे, शिट्टीवर मी माणसं उभी केली आणि उतरवली. तू चड्डीत होतास तेव्हा."

निशाने मान खाली घातली. दिपेश हसला आणि पुढच्याकडे वळला. महेंद्रने म्हणून काही दाखवलं नाही.

पहिले दोन उतार किरकोळ होते. तिसरा खरा. पाणी कडेवरून सुटून मध्ये एका फुगीर कातळावर आदळत होतं आणि खाली काळ्या डोहात नाहीसं होत होतं. दिपेश आधी गेला. मग नवखे एकेक करून. त्यांना निशा वरून सोडत होती, विहिरीत कळशी सोडावी तशी. दोर तिच्या हातातून सरकताना महेंद्रने पाहिलं आणि मनातल्या मनात एवढं कबूल केलं: पोरीचा हात घाई करत नाही. पण ते कबूल करायला तो आला नव्हता.

"पप्पा, पाय कातळाला लावून बसल्यासारखे राहा. बाकी माझ्यावर सोडा."

"तुझ्यावरच सोडलंय सगळं," तो म्हणाला आणि कडेवरून मागे झुकला.

कातळाच्या फुगवट्यावर पाण्याने त्याला नीट गाठलं. मानेवर, हेल्मेटवर, आणि दुखऱ्या खांद्यावर तर ठरवून. श्वास घ्यायला तोंड उघडलं की पाणीच आत. त्याला फक्त खाली जायचं होतं, लवकर. हात आपोआप शिट्टीकडे गेला. त्याच्या पथकात इतकी वर्षं एकच नियम होता: एक लांब शिट्टी, म्हणजे उतरवा. जे झालं ते झालं, सगळे खाली.

त्याने एक लांब शिट्टी मारली.

दोर थांबला. भर पाण्याखाली.

त्याने आणखी लांब मारली. दोर जागच्या जागी. बहिरी झाली काय ही, असं म्हणत त्याने गुडघा कातळाला टेकवला आणि तिसऱ्यांदा फुंकली, फुंकर संपताना शेवटी वर मुरड घेऊन, जशी तो पथकातल्या आगाऊ पोरांसाठी घ्यायचा.

खालून दिपेशला तेवढा गुडघा दिसला. पाय कपारीत अडकलाय असं त्याला वाटलं. अडकलेल्या माणसाला खाली सोडलं तर तो उलटा होतो आणि डोकं पाण्यात जातं. त्यानेही एक शिट्टी मारली. थांब.

वर निशाला दिसत काहीच नव्हतं. दोन माणसं थांब म्हणत होती. पण त्यातली एक मुरड तिने लहानपणी मंजुळेच्या कडेवर बसून दर गोकुळाष्टमीला ऐकली होती. तिने दोर सोडला.

महेंद्र डोहात आला. पाय कुठेच अडकला नव्हता. नवख्यांनी टाळ्या वाजवल्या.

निशा शेवटी उतरली. दोर खाली ओढून घेतला, गुंडाळला. मग दिपेश शांतपणे म्हणाला, "मी थांब म्हटलेलं."

"पप्पांची शिट्टी पथकातली होती. त्यांना खाली यायचं होतं. मला कळलं."

"बरोबर निघालं. पण तू अंदाजाने सोडलंस. सेकंडचं या सीझनला नको, निशा. पुढच्या वर्षी बघू."

ती 'बरं' म्हणाली. वाद घातला नाही, तेच महेंद्रला जास्त लागलं.

"हे बघ, शिट्टी माझी चुकली," तो मध्ये पडला.

"काका, तुमची चुकणारच. तुम्ही नवे."

"पण तिने ओळखलं ना?"

"बापाला ओळखलं. उद्या दोरावर परका असेल, त्याला कशी ओळखणार?"

थरावरची पोरं महेंद्रही असाच घरी पाठवायचा, कारणही असंच सांगायचा. इतकंच, की तेव्हा समोर उभा राहिलेला बाप कसा दिसतो हे त्याने कधी बघितलं नव्हतं.

परतीला गाडीत निशा पुढच्या सीटवर, केसांतून अजून पाणी निथळत होतं. कल्याण आल्यावर तीच म्हणाली, "आई विचारेल काय ठरलं म्हणून."

"माझ्याकडून हो आहे."

"आता?"

"आता."

"आता हो घेऊन काय करू, पप्पा?" तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा. डोकं काचेला टेकवून तिने डोळे मिटले.

मंजुळेने दार उघडलं, दोघांचे चेहरे पाहिले आणि पाणी तापवायला गेली. महेंद्र तसाच सोफ्यावर बसला, खांदा धरून. मनातल्या मनात त्याने हिशेब लावला. झोप गेली ती पुढच्या रविवारी भरून निघेल. खांदा चोळून बरा होईल. 'काका' तर दिपेशबरोबर डोंबिवलीला गेलं. ज्या 'नाही'साठी निघालो ते न बोलताच मिळालं, तेही दुसऱ्याच्या तोंडून, म्हणजे घरात भांडीसुद्धा आपटणार नाहीत. त्याच्या खात्यावर काहीच खर्च पडला नव्हता. शिट्टी त्याने मारली, भरलं निशाने.